पहिल्या पिकापर्यंतचा शिधा

आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याने सुमारे अडीच हजार किलोमीटर लांब पसरलेल्या मोझांबिक देशात पेरणीचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरातील पहिल्या पावसाबरोबर सुरू होतो, आणि त्या पावसावर जमिनीत टाकलेला मका, ज्वारी किंवा भुईमूग घरात यावयास मार्च-एप्रिल, कित्येक ठिकाणी मे महिनाही उजाडतो. मधले महिने शांततेच्या वर्षीसुद्धा तेथील शेतकऱ्याला ओढगस्तीचे जातात. कणगीचा तळ दिसू लागलेला असतो आणि शेतातले कणीस अजून भरलेले नसते. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी रोम येथे राष्ट्राध्यक्ष जोआकिम शिसानो आणि रेनामो या बंडखोर संघटनेचे पुढारी अफोन्सो द्लाकामा यांनी तहनाम्यावर सह्या केल्या व जवळजवळ सोळा वर्षे चाललेले यादवी युद्ध थांबले, तेव्हा हाच हंगाम तोंडाशी आला होता. बियाणे नाही, कुदळ नाही, कणगी नाही आणि ज्या रानात पूर्वी शेत होते तेथे पुरुषभर उंच गवत माजलेले, अशा स्थितीत परतलेल्या कुटुंबाने मार्चपर्यंत खावे काय आणि पेरावे काय, हा त्या देशाच्या पुनरुत्थानाचा पहिला प्रश्न होता. पुढील दोन-तीन वर्षांत परदेशांतून आलेल्या लक्षावधी टन धान्याचा, त्यासाठी झटलेल्या संस्थांचा आणि त्यांच्या यशापयशाचा हिशेब मांडावयाचा तर तो याच प्रश्नाच्या उत्तरावरून मांडला पाहिजे, असे मला वाटते.

युद्धाची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. पोर्तुगिजांच्या अमलातून मोझांबिक २५ जून १९७५ रोजी मुक्त झाले. स्वातंत्र्याच्या आगेमागे दोन लाखांच्या आसपास पोर्तुगीज वसाहतवाले देश सोडून निघून गेले, आणि त्यांच्याबरोबर खेड्यापाड्यांतील दुकानदारी, मालवाहतूक व हिशेबठिशेबाचे बहुतेक सारे ज्ञानही गेले. फ्रेलिमो या पक्षाच्या नव्या सरकारला शह देण्यासाठी ऱ्होडेशियाच्या गुप्तचर खात्याने रेनामो उभी केली. १९८० मध्ये ऱ्होडेशियाचे झिम्बाब्वे झाल्यावर तिचे पालकत्व दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीने स्वीकारले. त्यानंतरच्या दशकात पूल, शाळा, दवाखाने, दुकाने आणि रेल्वेमार्ग हेच प्रामुख्याने हल्ल्यांचे लक्ष्य ठरले. युद्ध आणि त्यातून उद्भवलेली उपासमार मिळून दहा लाखांच्या घरात माणसे मेली असा अंदाज आहे. सुमारे सतरा लाख लोक शेजारच्या देशांत परागंदा झाले आणि त्याहून कितीतरी अधिक आपल्याच देशात निर्वासित होऊन राहिले. एकट्या मलावीने दहा लाखांच्या आसपास मोझांबिकी लोकांना आश्रय दिला. मलावी हा काही संपन्न देश नव्हे. तेथील दर दहा रहिवाशांमागे एक पाहुणा असे ते प्रमाण पडते, आणि त्या गरीब देशाचे हे औदार्य जगाने पुरेसे लक्षात ठेवले नाही याची खंत वाटते.

या युद्धात अन्न हे शस्त्र म्हणून वापरले गेले. रेनामोच्या ताब्यातील मुलखात रयतेकडून धान्याची सक्तीची वसुली होई, आणि सरकारी फौजा शत्रूच्या मुलखातून माणसे हुसकून आपल्या छावण्यांत आणीत, म्हणजे शत्रूला पोसणारे हात कमी होत. मदतीचा गल्ला घेऊन जाणाऱ्या मोटारींवर हल्ले होत. १९८३-८४ च्या दुष्काळात मृत्यूचे प्रमाण इतके भयानक झाले त्याचे कारण पाऊस पडला नाही एवढेच नव्हते. रस्ते बंद होते, हेही तितकेच मोठे कारण होते. पुढे १९९१-९२ साली आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागावर शतकातील अत्यंत कडक अवर्षणांपैकी एक कोसळले, आणि दोन्ही बाजूंचे सैनिकच उपाशी राहू लागले. तहाची बोलणी त्या सुमारास रोममध्ये सांत एजिदिओ या कॅथलिक संघाच्या मठात चालू होती. तेथे मध्यस्थांत बैराचे आर्चबिशप झायमे गोन्साल्विस हेही होते. युद्धबंदीचा मसुदा अजून दूर असताना, १६ जुलै १९९२ रोजी, उभय पक्षांनी एक स्वतंत्र जाहीरनामा काढला व मदतीचे धान्य जनतेपर्यंत पोचू देण्याची तत्त्वे मान्य केली: मदत सर्व मोझांबिकी जनतेसाठी असेल आणि तिच्या आडून लष्करी लाभ उठवला जाणार नाही. बंदुका चालू असतानाच झालेला हा करार मला तहाइतकाच महत्त्वाचा वाटतो. एकमेकांवर कोणत्याही बाबतीत विश्वास नसलेल्या दोन पक्षांनी धान्याच्या मोटारी जाऊ देणे या एका बाबीत शब्द दिला आणि तो बऱ्यावाईट रीतीने पाळून पाहिला, हा अनुभव ऑक्टोबरातील सह्यांच्या गाठीशी होता.

आता शिध्याकडे वळू. छावणीतील माणसाला रोज किती अन्न लागते, याचा आज सर्वमान्य झालेला आकडा २,१०० किलोकॅलरींचा आहे, आणि तो भागवणारा नमुन्याचा शिधा साधारणपणे असा असतो: धान्य ४०० ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य ६० ग्रॅम, तेल २५ ग्रॅम, जीवनसत्त्वे मिसळलेले मका-सोयाबीनचे पीठ ५० ग्रॅम, साखर १५ ग्रॅम आणि मीठ ५ ग्रॅम. एका माणसाच्या ओंजळीत मावणारे हे जिन्नस दहा हजारांच्या वस्तीला रोज साडेपाच टन होतात, आणि महिन्याला दहा टनी मोटारींच्या सुमारे सतरा खेपा. बंदरातून निघालेली मोटार वाटेत पूल नाही म्हणून अडली, तर हा हिशेब दुसऱ्याच दिवशी कोलमडतो. परंतु मोटारी वेळेवर पोचल्या आणि पोती मोजून भरली तरी काम झाले असे नसते, हे मोझांबिकच्या निर्वासितांनी फार मोठी किंमत देऊन जगाला शिकवले.

मलावीतील छावण्यांत मुख्य शिधा मक्याचा होता आणि जोडीला शेंगदाणे मिळत. मक्यात नायसिन नावाचे जीवनसत्त्व असते खरे, पण ते अशा रूपात बांधलेले असते की शरीराला त्याचा लाभ होत नाही. मेक्सिकोचे मूळ रहिवासी मका चुन्याच्या पाण्यात उकळून मग वाटतात, त्यामुळे ते मोकळे होते, परंतु मका आफ्रिकेत आला तेव्हा ही रीत त्याच्याबरोबर आली नाही. छावणीतल्या माणसाची नायसिनाची गरज त्या मूठभर शेंगदाण्यांवर भागत होती. १९८९-९० मध्ये शेंगदाण्यांचा पुरवठा खंडित झाला आणि १९९० च्या फेब्रुवारी ते ऑक्टोबर या महिन्यांत सुमारे १८,००० निर्वासितांना पेलाग्रा जडला. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर, हातांवर, मानेवर काळपट चट्टे उठतात, जुलाब लागतात आणि उपचार न झाल्यास बुद्धिभ्रंशापर्यंत मजल जाते, असा हा विकार आहे. दख्खनच्या पठारावर ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांतही तो आढळे, आणि हैदराबाद येथे डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास त्याचा कसून अभ्यास केला होता. म्हणजे वैद्यकशास्त्राला हे गूढ राहिले नव्हते. पोट भरेल इतका मका छावणीत होता. यादीतला एक जिन्नस, जो कागदावर पुरवणीचा वाटला असेल, तो थांबला आणि एका मध्यम शहराइतकी माणसे आजारी पडली.

दुसरे उदाहरण याहून विदारक आहे, आणि ते शिध्याचे नव्हे तर शिध्याच्या अभावाचे आहे. उत्तर मोझांबिकच्या नांपुला प्रांतात कसावा हे मुख्य अन्न आहे. आपल्याकडे उपवासाचा साबूदाणा ज्या कंदापासून बनतो तोच हा कंद. त्याच्या कडू जाती अवर्षणात टिकतात, चोरांना व रानडुकरांना नकोशा असतात, म्हणून संकटकाळी शेतकरी त्याच लावतो. परंतु त्यांत सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात. कंद सोलून आठवडे-आठवडे उन्हात वाळवला, कुजवला आणि मग कुटला, म्हणजे विष निघून जाते. भुकेल्या घरात आठवडे थांबावयास कोणाला सवड असणार! १९८१ च्या दुष्काळात नांपुलात स्थानिक भाषेत मांताकासा म्हटला जाणारा पायांच्या कायमच्या लुळेपणाचा विकार पसरला आणि ११०२ रोगी नोंदले गेले; त्यांत मुले व स्त्रिया अधिक होत्या. युद्ध संपता संपता, १९९२-९३ मध्ये, त्याच प्रांतात तो पुन्हा उद्भवला. सायनाइडचा निचरा करण्यास शरीराला प्रथिनांतील गंधक लागतो, आणि तो पुरवणाऱ्या मासळी, घेवडा, शेंगदाणा या वस्तू त्या घरांतून कधीच नाहीशा झाल्या होत्या. एका वेळच्या भुकेपायी आयुष्यभर काठीच्या आधाराने चालणारी ती मुले आज प्रौढ असतील.

तह झाल्याबरोबर संयुक्त राष्ट्रांनी माणसे परत नेण्याच्या योजना आखावयास घेतल्या. १६ डिसेंबर १९९२ रोजी सुरक्षा समितीने आल्दो आयेल्लो यांच्या अधिपत्याखाली शांतिसेनेस मंजुरी दिली. तीत भारतीय तुकड्याही होत्या. परंतु फौजा, छावण्या व मोटारी यांची तजवीज पुरी होण्याआधीच रयत निघाली होती. सतरा लाखांपैकी बहुसंख्य माणसे कोणाच्या मोटारीची वाट न पाहता स्वतःच्या पायांनी घरी गेली. त्या वर्षी पाऊसही चांगला पडला. छावणीचे दप्तर सांभाळणाऱ्यांना त्या काळात एक गोष्ट फार सलत असे: कुटुंबातील पुरुष आणि मोठी मुले सीमा ओलांडून आपल्या माशांबावर, म्हणजे शेताच्या तुकड्यावर, जाऊन गवत कापीत, झोपडी उभारीत, पेरणी करीत, आणि स्त्रिया, म्हातारी व लहान मुले शिधापत्रिका सांभाळून मलावीतच राहत. हा शिध्याचा दुरुपयोग आहे, असे म्हणणारे अधिकारी होते. मला मात्र या वागण्यात मोठे शहाणपण दिसते. घरी जावयाचे तर घरी खाण्याची सोय हवी, खाण्याची सोय व्हावयाची तर पीक हवे, आणि पीक यावयाचे तर आधी कोणीतरी जाऊन पेरले पाहिजे. ही साखळी तोडण्याचा जो एकच मार्ग होता तो निरक्षर म्हटल्या गेलेल्या शेतकऱ्यांनी आपला आपण शोधला, आणि हातात शिधापत्रिका असल्यामुळेच तो त्यांना परवडला. पुढे शिध्याची वाटणी परतलेल्या लोकांच्या गावी, त्यांचे पहिले पीक येईपर्यंत, करण्याचा शिरस्ता पडला, तो मुळात याच रीतीची अधिकृत नक्कल होय.

शिध्याबरोबर बियाणे आणि अवजारे देण्यात आली: मका, ज्वारी, घेवडा, भुईमूग यांच्या पिशव्या, कुदळी, कोयते, कुऱ्हाडी. आपल्याकडील जुन्या तगाईत बैल व बियाणे यांसाठी कर्ज मिळे. येथे बैल नव्हते, कर्ज वसूल करणारे खाते नव्हते, आणि देणे फुकटच होते. मात्र बियाणे आणि शिधा यांचा संबंध वाटतो त्याहून घनिष्ठ आहे. उपाशी घरी बियाण्याची पिशवी आली, तर ती शिजते. कोणत्याही आईला पुढील मार्चमधील पीक आणि आज रडणारे मूल यांत निवड करावयास लावणे हा क्रूरपणा आहे. म्हणून जाणते लोक पेरणीच्या सुमारास बियाण्याच्या जोडीने खाण्याचे धान्यही पोचवतात, हेतू हा की बियाणे बियाणेच राहावे. त्याहून नाजूक बाब वेळेची आहे. ऑक्टोबरात यावयाचे बियाणे जानेवारीत बंदराला लागले तर त्याची कागदोपत्री नोंद 'पोचले' अशीच होते, परंतु शेतकऱ्याच्या लेखी ते एक वर्ष उशिरा आलेले असते. दूरच्या मुलखात तयार झालेली, त्या मातीला व पावसाला अपरिचित वाणे वाटली जाण्याचा धोका निराळाच. मदतीच्या इतिहासात टनांचे आकडे ठळक छापले जातात आणि तारखा बारीक टाइपात जातात, पण खेड्याच्या दृष्टीने क्रम उलटा असतो.

धान्य कोणत्या रंगाचे, हाही प्रश्न आला. मोझांबिकच्या दक्षिणेत आणि शहरांत पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट शिमा हे रोजचे अन्न आहे. मदतीत येणारा मका बहुधा अमेरिकेचा, पिवळा. लोकांना तो आवडत नसे. परंतु यातूनच एक उपकारक परिणाम घडला. मदतीच्या मक्याचा मोठा भाग सरकारमार्फत बाजारात विकला जाई. पिवळा मका स्वस्त राहिल्यामुळे ज्यांना पांढरा परवडे ते त्याच्या वाटेस गेले नाहीत, आणि गरिबांनी तो विकत घेऊन वस्तीतल्या छोट्या गिरण्यांवर दळून खाल्ला. गरीब कोण याची चौकशी करण्यास कारकुनांची फौज नेमावी लागली नाही. तथापि हाच मका पीक निघण्याच्या दिवसांत बाजारात ओतला गेला, तर नव्याने पिकवू लागलेल्या शेतकऱ्याचा भाव पडतो, आणि पुढल्या वर्षी तो आपल्या घरापुरतेच पेरतो. दुष्काळात प्राण वाचवणारे जहाज सुगीत येऊन ठेपले तर ते नुकसान करून जाते. म्हणून मदत केव्हा थांबवावी हे ठरवणारा माणूस ती सुरू करणाऱ्याइतकाच अनुभवी हवा.

रस्त्यांची कथा सुरुंगांपासून सुरू होते. सुरुंग कोठे पेरले गेले याचे नकाशे कोणाही पक्षाजवळ धड नव्हते. संशयित वाट म्हणजे बंद वाट, आणि तिच्या पलीकडचे गाव म्हणजे तुटलेले गाव. झांबेझी नदीवरील दोना आना पूल, साडेतीन किलोमीटरांहून लांब, युद्धात उडवून दिला गेला होता; तो दुरुस्त होऊन त्यावरून मोटारी चालू लागेपर्यंत उत्तरेचा गल्ला आणि दक्षिणेची गरज यांच्यामध्ये ती प्रचंड नदी आडवी होती. खेड्यांना जोडणारे कच्चे रस्ते गावकऱ्यांनीच मजुरीवर साफ केले. सुरुंग काढण्याचे काम मात्र वीस वर्षांहून अधिक चालले, आणि मोझांबिक सुरुंगमुक्त झाल्याची घोषणा होण्यास सप्टेंबर २०१५ उजाडावा लागला. एकेक वीत जमीन गुडघ्यांवर बसून तपासणाऱ्या, त्याच गावांतून भरती झालेल्या त्या स्त्री-पुरुषांचे श्रम शेतीच्या पुनरुत्थानात कोणी मोजत नाही, हे योग्य नव्हे.

रस्ता मोकळा झाल्यावर शेतकरी माल विकावयास आणील, अशी अपेक्षा असते. विकावे कोणाला? स्वातंत्र्यापूर्वी खेडोपाडी पोर्तुगीज आणि भारतीय वंशाच्या व्यापाऱ्यांची दुकाने होती. गुजराती, दीवचे, काही ठिकाणी गोमंतकीयही. हा वाणी मका, काजू, कापूस विकत घेई आणि मीठ, साबण, कापड, रॉकेल, कुदळ विकी. त्याच्या वागण्यात पिळवणूकही असे, यात शंका नाही. परंतु त्याच्या जागी उभारलेली सरकारी दुकाने चालली नाहीत, आणि उरलीसुरली युद्धात जळाली. रेनामोच्या मुलखातील कित्येक लोक कपड्याअभावी झाडाची साल कुटून नेसत होते. ज्या गावात पैशाने विकत घेण्यासारखे काही मिळत नाही, तेथला शेतकरी पैशासाठी जादा पिकवीत नाही. तो त्याचा आळस नसून हिशेब आहे. म्हणून माझ्या मते मोझांबिकच्या खेड्यात मदतीचे पर्व संपून संसाराचे पर्व सुरू झाल्याची खूण धान्याच्या पावतीत नव्हती, ती मीठ आणि साबण घेऊन सायकलीवर आलेल्या पहिल्या फेरीवाल्यात होती. या दृष्टीने मोडलेल्या फौजांतील शिपायांना दिलेली रोख रक्कमही कामाला आली. नव्वद हजारांच्या आसपास सैनिक घरी पाठवले गेले, आणि त्यांना दोन वर्षेपर्यंत त्यांनी निवडलेल्या जिल्ह्यात ठराविक भत्ता मिळत राहिला. तो पैसा खेड्यातच खर्च झाला व फेरीवाल्यांच्या धंद्याला आधार मिळाला. त्यांच्या छावण्यांत पगार व शिधा तटल्याने दंगेही झाले. मात्र सैन्याबरोबर ओझी वाहणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या, पळवून नेलेल्या स्त्रियांची नावे भत्त्याच्या याद्यांत फार थोडी आली, आणि त्यांच्या हाती बहुधा काहीच पडले नाही.

व्यापाराची आणखी एक अडचण भूगोलाने निर्माण केली आहे. देशाचे धान्य पिकते उत्तरेत व मध्यभागी, झांबेझिया, नांपुला, न्यासा या प्रांतांत. मागणी मोठी आहे ती अगदी दक्षिण टोकाच्या मापुतो शहरात. मधले अंतर इतके आहे की उत्तरेचा मका जवळच्या मलावीत विकणे आणि दक्षिणेची भूक दक्षिण आफ्रिकेच्या मक्याने भागवणे हेच स्वस्त पडते. त्यामुळे 'देश धान्यात स्वयंपूर्ण झाला' किंवा 'झाला नाही' या विधानांना तेथे फारसा अर्थ उरत नाही. कोणत्या बाजारात, कोणत्या महिन्यात, हे विचारावे लागते.

काजूची कहाणी सांगताना मला दुःख होते. १९७० च्या दशकाच्या आरंभी मोझांबिक जगातील अग्रगण्य काजू उत्पादक होते. दोन लाख टनांहून अधिक बी वर्षाला गोळा होई. कोकणात आणि गोव्यात ज्या पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून हे झाड आणले, त्यांनीच ते तेथेही नेले होते. युद्धाच्या काळात झाडे म्हातारी झाली, गोळा करणारे हात पांगले, आणि तरीही मका खाण्यासाठी आणि काजू रोकडीसाठी, अशी किनाऱ्यावरील शेतकऱ्याची व्यवस्था पुन्हा उभी राहण्यासारखी होती. १९९५ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जाच्या अटींमुळे कच्च्या बियांच्या निर्यातीवरील बंधने सैल करण्यात आली, शेतकऱ्याला चांगला भाव मिळावा या हेतूने. बिया जहाजांनी भारताच्या कारखान्यांकडे निघाल्या; मोझांबिकमधील कारखाने एकापाठोपाठ एक बंद पडले आणि हजारो कामगार, ज्यांत स्त्रिया बहुसंख्य होत्या, घरी बसले. शेतकऱ्याच्या पदरात पडलेला नफा मात्र अगदी किरकोळ होता. नुकत्याच युद्धातून उठलेल्या देशाला एका हाताने धान्य देत असताना दुसऱ्या हाताने त्याची रोजगाराची साधने काढून घेऊ नयेत, एवढा विचार सल्लागारांनी करावयास हवा होता.

याउलट, एका बाबतीत मोझांबिकने जे केले ते पुष्कळ श्रीमंत देशांनाही साधलेले नाही. घरी परतलेल्या लाखो कुटुंबांपाशी जमिनीचा कागद नव्हता. कोणाचे शेत दुसऱ्याने कसले होते, कोणी मोठ्या कंपनीला परवाना देऊन बसला होता. १९९७ च्या जमीन कायद्याने जमिनीची मालकी सरकारकडेच ठेवली, परंतु रूढीने चालत आलेली वहिवाट, आणि दहा वर्षे सद्‌भावनेने केलेला कब्जा, यांना कागदाविना हक्काचे स्थान दिले. गावातील म्हाताऱ्यांची तोंडी साक्ष पुरावा म्हणून ग्राह्य ठरली, आणि स्त्रियांचा हक्क पुरुषांच्या बरोबरीने सांगितला गेला. अंमलबजावणीत पुष्कळ उणिवा राहिल्या, बलिष्ठ लोकांनी पळवाटा काढल्या, हे खरेच. तरी पेरलेले पीक आपल्यालाच कापावयास मिळेल या खात्रीशिवाय बियाण्याच्या पिशवीला काही किंमत नसते, आणि ती खात्री देण्याचा प्रामाणिक प्रयत्न येथे झाला.

त्यानंतरची वर्षे सरळ गेली नाहीत. फेब्रुवारी २००० मध्ये लिंपोपो व इतर नद्यांना आलेल्या महापुरात शेकडो माणसे बुडाली आणि दक्षिणेची शेते वाहून गेली. तरी याच काळात रताळ्याच्या केशरी गराच्या जाती, ज्यांत अ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य भरपूर असते, मोझांबिकमध्ये पसरवण्याचे काम शास्त्रज्ञ मारिया आंद्रादे यांनी मोठ्या चिकाटीने केले. रताळ्याचे बियाणे म्हणजे वेलाचा तुकडा. एका शेजारणीने लावला तर पुढल्या हंगामात दहाजणींना देता येतो, त्यासाठी जहाज लागत नाही, वखार लागत नाही. या कार्याबद्दल त्यांना आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. दरम्यान २०१३ नंतर रेनामोशी पुन्हा चकमकी उडाल्या, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये आणखी एक तह करावा लागला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये इडाई वादळाने बैरा शहर आणि भोवतालची उभी पिके झोडपली होती.

आणि ऑक्टोबर २०१७ पासून उत्तरेच्या काबो देल्गादो प्रांतात नवे सशस्त्र बंड पेटले आहे. नैसर्गिक वायूच्या प्रचंड साठ्यांमुळे जगाचे लक्ष वेधून घेतलेल्या या गरीब प्रांतातून एका टप्प्यावर दहा लाखांच्या घरात माणसे विस्थापित झाली. त्यांतील बहुतेकांना आसरा दिला तो छावण्यांनी नव्हे, नातलगांनी आणि अनोळखी गावकऱ्यांनी. एकेका झोपडीत दोन-तीन कुटुंबे राहिली आणि एका कणगीतले धान्य वाटून खाल्ले गेले. जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मोटारी पुन्हा त्याच बंदरांतून निघू लागल्या. काही कुटुंबे परतली आहेत, काही परतून पुन्हा पळाली आहेत. जी यजमानांच्या गावी राहिली त्यांना आज सर्वांत जास्त हवी आहे ती कसण्यापुरती जमीन, कारण ती ज्या तुकड्यावर मका लावतात तो त्यांचा नाही, आणि यजमानाची मुले मोठी होत आहेत. त्यांना तो लवकरच लागेल.